मनूने सांगितलेलं नाटक

सोम. ३ फेब्रु.

मनूने जेवताना विषय काढला. रविवारी अलिबागला नाटक आहे, जायचंय. म्हटलं, कोणाकोणाबरोबर? "कोणाबरोबर नाही. एकटीच."

आमटीचा डाव हातातच राहिला. अकरावीतली पोरगी. पाणीपुरी खायलासुद्धा हिला चौघींचा घोळका लागतो, आणि नाटकाला एकटी? मैत्रिणींना नाटक आवडत नाही म्हणे, मध्येच बोलतात, मोबाइल बघतात. कारण अगदी पटण्यासारखं. म्हणूनच पटलं नाही.

रविवारी मला हलता येत नाही. दोन्ही रूम बुक, मुंबईची माणसं, दोन वेळचं जेवण. हे तिला चांगलं माहीत आहे.

नानांनी नातीची बाजू घेतली. "जाऊ दे की. कोणीतरी बघून येईल तर मलाबी कळंल." नाटक म्हटलं की सासरे माझे राहत नाहीत. मी "बघू" म्हटलं आणि ताटं उचलली.

बुध. ५ फेब्रु.

तिचा फोन चार्जिंगला होता. हातात घेतला, ठेवून दिला. (पासवर्ड बदललाय.)

दुपारी एक जोडपं रूम विचारायला आलं. मी फक्त आधार कार्ड आहे का विचारलं. त्या मुलाने लग्न कुठल्या हॉलवर झालं, जेवणात काय होतं, आत्या का रुसली, सगळं सांगितलं. दिली नाही रूम. इतकी वर्षं चौलात हा धंदा करतेय, एवढं कळतं. खोटं बोलणारा न विचारलेलं सांगतो.

मनू "एकटी" म्हणाली, विचारल्यावर तेवढंच कारण दिलं, पुढे काही जोडलं नाही. हे तिच्या बाजूचं धरायला हवं.

नानांनी तिला अट ऐकवली. मला लग्न झाल्यापासून पाठ आहे ती. नाटक बघून येणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ते घरात सांगायचं. पहिल्यापासून, एकही प्रवेश न गाळता. नाना गावच्या जत्रेतल्या नाटकांना पडदा ओढायचे. सासूबाईंना वाडीचं शिंपणं आणि गुरं सोडून कधी जाता आलं नाही, म्हणून नाना विंगेतून सगळं बघून यायचे आणि त्यांना सांगायचे. आता गुडघ्यांमुळे नाना घरी, तर आम्ही सांगायचं. आणि ऐकताना पोलिसासारखे प्रश्न विचारतात. मध्यंतरात बाहेर पळालात तर पकडले गेलात.

मला ही अट आज एकदम आवडली.

शुक्र. ७ फेब्रु.

शुक्रवार, ह्यांना मस्कतला सुट्टी, म्हणजे फोन. वाटलं, हे तरी अडवतील. "पाठव की. मोठी झाली आता." झालं. क्रेन चालवणारा माणूस, एक खोका उचलायचा तर दहा वेळा खाली बघतो, आणि पोरीचा निकाल दोन सेकंदांत. पूर्वी शाळेच्या सहलीवरून माझ्याशी अर्धा अर्धा तास भांडायचे.

मनूला फोन दिला. "हो पप्पा. बरं. हो." आणि परत माझ्या हातात. हल्ली एवढंच. वय असेल.

मे महिन्यात येणार का, विचारायचं राहून गेलं. गेल्या मेमध्ये नाहीत, गणपतीलाही नाहीत. रजा मिळत नाही.

शेवटी मनूला हो म्हटलं. जाता-येता एसटी. लोकेशन चालू ठेवायचं. मध्यंतरात फोन करायचा. सगळ्याला मान डोलावली. इतकी गुणी कधी झाली?

रवि. ९ फेब्रु.

गेली. निळा कुर्ता घालून, जो मी दिवाळीला घेतला आणि तिने आजवर कपाटातून काढला नव्हता. वर झुमके. नाटकात अंधार असतो. झुमके कोणासाठी?

सुरमई तळताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिचा ठिपका नागावला अडकला. रविवारचं ट्रॅफिक, पर्यटकांच्या गाड्या, सगळं कळतं, तरी जीव वर-खाली. मग नाट्यगृहावर जाऊन बसला, मग दिसेनासाच झाला. फोन बंद केला असणार, नाटकात करतात. मध्यंतरात फोन आला. "आई, छान आहे. ठेवते." मागे माणसांचा गलका होता, तो नीट ऐकून घेतला. मुंबईच्या बाईंनी सोलकढी मागितली, मी त्यांना मिठाची वाटी दिली.

ठरलेल्या एसटीने आली. डोळे लाल. "रडलीस काय गं?" तर म्हणे रस्त्याला धूळ किती. धूळ आहे, खोटं नाही. भातात नुसतीच बोटं फिरवली आणि झोपते म्हणाली.

सोम. १० फेब्रु.

कॉलेजातून आल्यावर मागच्या अंगणात सुपारी सोलायला बसलो तिघं. नाना म्हणाले, "हां. पडदा गेला वर. काय दिसतंय?"

मनू सांगते छान, ते मानायला हवं. कोकणातलं घर. बाई, तिची सासू, एक शेजारीण. नवरा आखातात. (माझी सुरी थांबली. पण आपल्याकडे निम्म्या घरांतून हेच, म्हणून पुन्हा चालू केली.) वादळात पुढचं दार निखळतं. बाई त्याला आतून खिळे मारून टाकते. नवरा आला की नीट करील, तोवर सगळ्यांनी मागच्या दाराने यायचं.

"खिळे खरे मारते का नुसती ठोकाठोक?"

"खरे, नाना. आवाज येतो."

नाना खूश. "पोरबाळ न्हाय घरात?"

"नाही."

बाई वाट बघते, फोन कमी कमी होत जातात, शेजारीण काहीबाही बोलते. आणि शेवटी नवरा येतो. पुढच्या दारातून. हातात करडी बॅग, तिच्या एका चाकाचं रबर गेलेलं, मुठीला लाल रिबन. बॅगेत पिस्ते, टॉर्च, सासूसाठी बाम. बाई आधी बॅगेकडे बघते आणि मग त्याच्याकडे. पडदा.

मला रडू आलं, खरंच. पण नानांनी हात वर केला. "थांब जरा. पुढच्या दाराला खिळे मारलेत ना? मंग हा आला कुठनं?"

"...उघडलं त्याने."

"बाहेरनं? खरे खिळे मारलेलं दार? कोणी काढले ते?"

"एवढं नाही आठवत मला, नाना." मांडीवरची टरफलं झटकून आत गेली.

नाना मला म्हणाले, "वैशाली, स्टेजवर कोण कुठनं येतो ते माझं कधी चुकलेलं न्हाय. ही पोर काहीतरी गाळते हाय."

मी आता हे लिहितेय आणि एकच दिसतंय. तिने शेवट पाहिलाच नाही. मग नाटक संपेपर्यंत होती कुठे? आणि कोणाबरोबर? बॅगेचं एवढं वर्णन, चाकाच्या रबरासकट. कोणी विचारलं होतं?

मंगळ. ११ फेब्रु.

पर्समध्ये तिकीट सापडलं, एकच. त्याने काय सिद्ध होतं? दुसरं त्याच्या खिशात असेल. "त्याच्या" म्हणजे कोणाच्या, ते मला अजून माहीत नाही.

विचारलं, "शेवटपर्यंत होतीस ना?" तर माझ्याकडे सरळ बघून, "होते." नजर चोरली असती तर बरं झालं असतं. काहीतरी हाती तरी लागलं असतं.

गुरु. १३ फेब्रु.

नानांच्या गोळ्या आणायला रेवदंड्याला गेले. मेडिकलवाल्या काकू म्हणाल्या, "रविवारी तुमची मनू दिसली नाटकाला. माझ्या पुढच्याच रांगेत."

 कोण होतं बरोबर, असं विचारवत नाही. म्हटलं, "हो, जरा गर्दी असेल ना..."

"एकटीच होती की. बाजूच्या खुर्चीवर ओढणी ठेवली होती. शेवटपर्यंत बसली. सगळे उठले, दिवे लागले, तरी ही बसलेलीच. मीच म्हटलं, बाळ, चल."

म्हणजे खरं बोलली. इतकं हलकं वाटलं की तिथेच बसावंसं वाटलं. म्हटलं, आम्हाला सांगितलं तिने नाटक, शेवट फार गोड आहे. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नाही बघितलंत ना? मग असू दे." आणि एकदम मागच्या कपाटात काहीतरी शोधायला लागल्या. गोळ्या तर काउंटरवर समोरच होत्या.

गोड नाही का शेवट?

शुक्र. १४ फेब्रु.

आजच्या तारखेला तरी पकडेन म्हटलं, तर मनू कॉलेजातून थेट घरी. केसांना तेल लावून चादरी धुतल्या पाहुण्यांच्या. म्हणजे मुलगा-बिलगा कोणी नाही. मग मी सुटायला हवं होतं या संशयातून. नाही सुटले.

एक मुलगी एकटी नाटकाला जाते, पूर्ण बघते, दिवे लागले तरी उठत नाही, आणि घरी येऊन भलतंच सांगते. कशासाठी?

ह्यांचा फोन. घाईत होते, कोणाकडे तरी जेवायला जायचं होतं. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मनूकडे फोन धरला तर तिने हात दाखवले, साबणाचे आहेत. आपण होऊन सहा बादल्या चादरी धुणारी माझी मुलगी नव्हे.

रवि. १६ फेब्रु.

चौल नाक्यावर फ्लेक्स. तेच नाटक, गुरुवारी पेणला, महिला मंडळासाठी दुपारचा प्रयोग, उरलेली तिकिटं दारावर. गुरुवारी रूम रिकाम्या असतात.

जेवताना सांगून टाकलं, मी जाणार. नाना म्हणाले, "जा. ते दाराचं काय ते नीट बघून ये."

मनूचा घास तसाच. "कशाला? मी सांगितलं ना सगळं."

"मलाही वाटतं कधी एकटीने नाटक बघावं."

"पेण लांब आहे. तुला एसटी लागते."

मी ताटं गोळा केली. भांडी घासताना मागे येऊन उभी राहिली. "आई, नको ना जाऊस." आवाज असा, लहानपणी ताप आला की यायचा तसा. मी हात पुसून तिच्याकडे वळले तर म्हणे काही नाही, उद्या प्रॅक्टिकल आहे, लवकर उठव.

आता तर जायलाच हवं.

गुरु. २० फेब्रु.

पेण स्टँडवर लिहितेय. अलिबाग गाडीला वेळ आहे.

पडदा वर गेला तेव्हा स्टेजवर पहिल्यांदा कोण आलं असेल, तर मुलगी. सोळा-सतरा वर्षांची, त्या बाईची मुलगी. मागच्या दाराने, दप्तर घेऊन. मनूच्या नाटकात ती नव्हतीच. सगळं नाटक त्या मुलीच्या भोवती आहे आणि मनूने तीच काढून टाकली.

नवरा येत नाही. त्याचं तिकडे दुसरं घर आहे, बाई आहे, किती वर्षांपासून ते नीटसं सांगत नाहीत. शेजारणीला माहीत असतं. सासूला माहीत असतं. आणि सगळ्यांत आधी मुलीला कळलेलं असतं, वडिलांच्या फोनमधल्या एका फोटोवरून. ती आईला सांगत नाही. वर्षभर. आईची पोळी करपली तरी धावत येऊन गॅस बंद करते, पण ते सांगत नाही. शेवटी आईला कळतं तेव्हा आई पहिलं हेच विचारते, तुला माहीत होतं? मुलगी नुसती उभी. दार उघडत नाही. खिळे तसेच असतात आणि दोघी त्या दाराकडे बघत बसतात. अंधार.

बाजूच्या बायका नाकं पुसत होत्या. मला रडू आलं नाही. दिवे लागले तरी उठवेना, एवढंच.

काकू का गप्प झाल्या ते कळलं. त्यांनी नाटक बघितलं आणि त्यांना मी आठवले. बायकांना आठवणारच. नवरा बाहेर असलेली कोणीही आठवेल. त्यात काही नाही.

मनूलाही नुसती मी आठवले असेन. मला वाईट वाटेल म्हणून बदललं असेल. प्रेमाने. हे एक.

आणि दुसरं मला लिहायचं नाहीये, पण लिहिते. गेल्या खेपेला हे आले तेव्हा ह्यांचा जुना फोन मनूला दिला होता. वापरायला.

अलिबाग गाडीत. खड्डे फार, अक्षर वाईट येईल. करडी बॅग आठवली. चाकाचं रबर गेलेली, विमानतळावर ओळखायला म्हणून लाल रिबन बांधलेली. ती ह्यांची. पिस्ते, टॉर्च, नानांच्या गुडघ्याला बाम. पोरीने नाटकाचा शेवट म्हणून ह्यांचं शेवटचं येणं सांगितलं, जसंच्या तसं. मी समोर बसून ऐकलं आणि ओळखलं नाही.

कुठे असेल तो फोन आता? पडला म्हणाली होती, समुद्रात.

शुक्र. २१ फेब्रु.

सकाळी मनूच्या कॉलेजआधीच नाना तयार. "हां वैशाली. पडदा वर." मनू डबा भरत होती, हळूच उंबऱ्यावर येऊन बसली. हातात सुपारी घेतली, सोलायची म्हणून नाही, हाताला काहीतरी हवं म्हणून.

रात्रभर ठरवत होते. विचारेन, तुला काय माहीत आहे. नानांसमोर नाही, नंतर. पण तिच्याकडे बघितलं. झोपली नव्हती तीही. आणि मला त्या नाटकातल्या आईचाच प्रश्न आठवला. तो मला माझ्या तोंडून ऐकायचा नव्हता.

मी सांगायला सुरुवात केली. घर, बाई, सासू, शेजारीण. मुलगी नाही सांगितली. मनूची मान खाली होती, ती वर आली.

नाना वाटच बघत होते. "आन् शेवट? नवरा येतो?"

"येतो."

"पुढच्या दारानं?"

"पुढच्याच. मनूने सांगितलं तसंच आहे सगळं."

"आन् खिळे?"

"गंजलेले होते नाना. त्याने बाहेरून जोर लावला, निघाले."

 नाना टरफलं एका बाजूला सारत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या सासूला मी कधी मेलेला माणूस सांगितला न्हाय. माझ्या नाटकात सगळी जगायची."

मनूने विचारलं, "आजीला कळायचं नाही?"

"कळत असंल. तिनं इचारलं न्हाय."

मनू एसटीला उशीर होतो म्हणून उठली. जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली, जसा चुकून लागावा. असा हात तिने दोन वर्षांत लावला नव्हता. फार बरं वाटलं. आणि फार भीतीही वाटली.

संध्याकाळी. ह्यांचा फोन आला तेव्हा तिघंही अंगणात होतो. हात सुपारीचे, म्हणून स्पीकरवर टाकला. नाना म्हणाले गुडघा बरा आहे. मनू "हो पप्पा" म्हणाली. मी विचारलं, "मेमध्ये येणार ना?" इतकंच.

"येणार म्हणजे येणारच. नऊ तारखेची रजा टाकली, साहेबाने सहीसुद्धा केली, पेन नव्हतं तर माझंच पेन घेतलं. विमान पहाटेचं बघतोय, थेट मुंबई. तो केरळचा रूममेट आहे ना, तो माझी पाळी करणार, त्याला मी त्याच्या बहिणीच्या लग्नात मदत केली होती. बॅगपण नवीन घेतली, निळी, चार चाकांची, खाली सुपरमार्केट आहे तिथून. नानांना बाम घेतलाय, तोच, हिरव्या झाकणाचा..."

नाना हसत होते. "ये बाबा, ये."

मनूची सुरी थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, "बरं. या." आणि पुढची सुपारी उचलली. तिच्याकडे बघितलं नाही.